ॲल्युमिनियमच्या कामासाठी एंड मिलची भूमिती कशी निवडावी?

रबाळे_गाळा

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीमध्ये आमचा एक लहान गाळा असून त्यात बीटी-४० स्पिंडलचे आणि कमाल ८००० आरपीएमचे एक व्हीएमसी (संगणकचालित उभे मिलिंग यंत्र) आहे. आजवर आमच्याकडे प्रामुख्याने ईएन-८ आणि माइल्ड स्टीलचे जॉब होत आले. त्यामुळे कपाटातील कटर, म्हणजे एंड मिल, चार फ्लूटचे (फ्लूट म्हणजे चिप्स बाहेर नेणारी खोबण; जेवढे फ्लूट तेवढे दात) आणि काळसर-जांभळ्या कोटिंगचे, म्हणजे स्टीलसाठीच घेतलेले आहेत. आता ६०६१-टी६ या ॲल्युमिनियमच्या प्लेटमधून इलेक्ट्रॉनिक उपकरणांची आवरणे करण्याचे काम नियमित येऊ लागणार आहे. एका आवरणात २८ मिमी खोल पॉकेट आहे, कोपऱ्यांना आर-६ (६ मिमी त्रिज्येची गोलाई) दिला आहे, भिंती २ मिमी आणि तळ ३ मिमी जाडीचा राहणार आहे. पुढे ॲनोडायझिंग होणार असल्याने आतल्या बाजूला टूलच्या खुणा दिसता कामा नयेत, अशी ग्राहकाची अट आहे.

नागदेवी स्ट्रीटवरील विक्रेत्याने १० मिमी व्यासाचे कार्बाइडचे तीन पर्याय समोर ठेवले. पहिला दोन फ्लूटचा, ३० अंश हेलिक्स (दातांच्या पिळाचा कोन) असलेला. दुसरा तीन फ्लूटचा, ४५ अंशांचा. आणि तिसराही तीन फ्लूटचाच, पण ३८ अंशांच्या आसपास हेलिक्स असलेला आणि दातांमधील अंतर मुद्दाम असमान ठेवलेला. तिसरा अर्थातच सर्वांत महाग आहे. तिन्हींच्या डब्यांवर ‘ॲल्युमिनियमसाठी’ असेच छापलेले असल्यामुळे त्यातून काही बोध होत नाही. या तिघांत खरा फरक कशाने पडतो आणि आमच्या जॉबला कोणता योग्य ठरेल, हे जाणकारांनी कारणांसह सांगावे, ही विनंती.

जुना_सेटर

माझ्या मते दोन फ्लूटचा घ्यावा आणि फार विचार करू नये. ॲल्युमिनियममध्ये कटर मोडतो तो बहुतेक वेळा ताकद कमी पडल्यामुळे नव्हे, तर चिप्स अडकल्यामुळे. स्टीलपेक्षा येथे दर दाताला जाड चिप निघते, ती मऊ असते आणि दाबली गेली की फ्लूटच्या खोबणीत घट्ट बसते. एकदा खोबण भरली की पुढचा दात धातू कापत नाही, नुसता घासतो, आणि क्षणभरात कटर ॲल्युमिनियमच्या गोळ्यात बदलतो. चार फ्लूटच्या कटरमध्ये मधला गाभा जाड आणि खोबणी उथळ असते, म्हणून तो येथे चालत नाही. दोन फ्लूटमध्ये जागा सर्वांत जास्त मिळते. हाय स्पीड स्टीलच्या कटरवर आम्ही वर्षानुवर्षे असेच काम केले. हाताशी रॉकेलचा डबा आणि ब्रश असे.

प्रोग्रामर_महापे

काका, चिप्सच्या जागेचा आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. रॉकेलचा मात्र आजच्या बंदिस्त यंत्रात विचारही करू नये. फिरत्या स्पिंडलजवळ त्याचा फवारा उडतो आणि आगीला निमित्त मिळते.

दोन की तीन, हा प्रश्न मी आधी आरपीएमच्या बाजूने तपासते. ८००० आरपीएमवर १० मिमीच्या कटरचा कटिंग स्पीड मिनिटाला २५१ मीटर येतो. ६०६१ वर कार्बाइडसाठी ३०० ते ५०० मीटर ही नेहमीची कक्षा आहे, म्हणजे आपले यंत्र कटरला त्याच्या सोयीच्या वेगापर्यंत नेऊच शकत नाही. वेग वाढवता येत नसेल तर उत्पादन वाढवण्याचे दोनच मार्ग उरतात : दर दाताला फीड (कटरची पुढे सरक) वाढवणे किंवा दात वाढवणे. दर दाताला ०.१ मिमी धरले तर दोन फ्लूटला १६०० आणि तीन फ्लूटला २४०० मिमी प्रतिमिनिट फीड मिळतो. नियमित येणाऱ्या जॉबमध्ये हा दीडपट फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही.

चिप्सची अडचण प्रोग्रामने बरीच सुटते. पूर्ण रुंदीचा स्लॉट कापायचा असेल तर दोन फ्लूटचे म्हणणे बरोबर आहे. परंतु हल्ली कॅममध्ये (टूलचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्थिर एंगेजमेंटचा टूलपाथ सर्रास मिळतो. त्यात कटर बाजूने फक्त २ मिमी, म्हणजे व्यासाच्या २० टक्के, आणि खोलीत २० मिमीपर्यंत घेता येतो. अशा वेळी प्रत्येक दात परिघाच्या थोड्याच भागात कापतो आणि उरलेल्या फेऱ्यात खोबण रिकामी होते. शिवाय बाजूची घेण कमी असल्यामुळे चिपची प्रत्यक्ष जाडी फीडपेक्षा कमी भरते. २० टक्के घेणीला ती फीडच्या ०.८ पट आणि १० टक्क्यांना ०.६ पट होते. त्यामुळे १ मिमी घेण ठेवून ०.१ फीड दिला तर खरी चिप ०.०६ चीच निघते, आणि ऑपरेटर मात्र ‘फीड फार आहे’ म्हणून ओव्हरराइड खाली आणतो. ॲल्युमिनियममध्ये पातळ चिप ही सुरक्षित चिप नव्हे. फार पातळ झाली तर धार कापण्याऐवजी दाबते, आणि माल चिकटण्याची सुरुवात तेथूनच होते.

व्यास १० मिमीच ठेवावा. कोपरा आर-६ आहे म्हणून १२ मिमीचा कटर वापरण्याचा मोह होतो. पण तो कोपऱ्यात शिरताच एकदम चौथा भाग परिघाने भिडतो, आवाज करतो आणि नेमकी तेथेच खूण उमटते. १० मिमीच्या कटरने आर-६ चा कंस प्रत्यक्ष फिरून काढता येतो.

धारवाला_वागळे

वागळे इस्टेटमध्ये कार्बाइड कटरना पुन्हा धार लावून देण्याचे आमचे काम आहे, त्यामुळे वापरलेले कटर आम्हांला वापरणाऱ्यांपेक्षा अधिक जवळून पाहायला मिळतात. येथे चर्चा फ्लूट आणि हेलिक्सवर चालली आहे, कारण ते डोळ्यांना दिसतात. परंतु स्टीलचा कटर आणि ॲल्युमिनियमचा कटर यांतला निर्णायक फरक धारेच्या छेदात असतो, जो भिंगाखेरीज दिसत नाही. तो जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट रेक, म्हणजे धारेच्या पुढच्या बाजूचा कल. स्टीलच्या कटरला रेक माफक ठेवतात, कारण तेथे धारेला मागून भरपूर आधार हवा असतो. ॲल्युमिनियमच्या कटरमध्ये रेक १० अंशांच्या पुढे नेतात. रेक जास्त असला की धातू दबून फाटण्याऐवजी सोलल्यासारखा निघतो, कापण्याचे बल उतरते, उष्णता कमी होते आणि चिप खोबणीच्या पृष्ठभागावर कमी दाबाने सरकते. धार नाजूक होते हे खरे; पण ६०६१ मध्ये ती सहसा तेवढ्याने उडत नाही. उडालेले कोपरे आमच्याकडे येतात ते बहुधा व्हाइसला लागलेले किंवा डब्यात एकमेकांवर आदळलेले असतात.

दुसरी गोष्ट धारेची तीक्ष्णता. स्टीलसाठी धार मुद्दाम काही मायक्रॉन गोलावून देतात, म्हणजे ती कच्ची राहत नाही. ॲल्युमिनियमसाठी हेच दोष ठरते, कारण गोलावलेली धार पातळ चिपवर चढून बसते. म्हणूनच जाड कोटिंगलाही आमचा आक्षेप असतो; धार कितीही तीक्ष्ण घासली तरी तीन-चार मायक्रॉनचा थर तिच्यावर बसला की ती तेवढी बोथट झालीच.

तिसरी गोष्ट क्लिअरन्स. ॲल्युमिनियमचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे ७० गिगापास्कल आहे, तर स्टीलचा सुमारे २१०. म्हणजे तेवढ्याच बलाखाली ॲल्युमिनियम तिप्पट दबतो आणि दात पुढे गेला की पुन्हा वर येतो. वर आलेला हा पृष्ठभाग दाताच्या पाठीला घासू नये म्हणून पाठीचा उतार स्टीलच्या कटरपेक्षा जास्त ठेवावा लागतो. वापरलेल्या कटरच्या पाठीवर चांदीसारखा चकचकीत पट्टा दिसला, तर तो कटर कापत कमी आणि घासत जास्त होता असे समजावे.

याला एक सुंदर अपवाद आहे. फिनिशिंगच्या काही कटरमध्ये धारेच्या लगेच मागे काही शतांश मिलिमीटर रुंदीची, उतार जवळजवळ नसलेली गोल पट्टी ठेवतात. ती पृष्ठभागाला हलकी टेकते आणि चॅटरची, म्हणजे कापताना होणाऱ्या थरथरीची, सुरुवातच दाबून टाकते. ही पट्टी थोडी जरी रुंद झाली तर तीच घासू लागते. स्वस्त कटर आणि चांगला कटर यांतला फरक बहुतेकदा या पट्टीच्या नेमकेपणात असतो, आणि डब्यावर त्याचा उल्लेख कोठेही नसतो. विकत घेताना भिंगातून धार पाहावी आणि खोबणीचा आतला पृष्ठभाग आरशासारखा आहे की ग्राइंडिंगच्या रेषा स्पष्ट दिसतात, हेही पाहावे. त्या रेषांनाच चिप धरते.

तिसरी_पाळी

कोटिंगचा थर बोथट करतो हे समजले; पण कोटिंग नसलेला कटर लवकर झिजत नाही का? आमच्या शॉपमध्ये काळ्या कोटिंगचे काही कटर ॲल्युमिनियमवर छान चालतात आणि तसेच दिसणारे काही लगेच माल धरतात. याचे कारण काय असावे?

धारवाला_वागळे

कारण ते दोन वेगळे कोटिंग असावेत. टायटॅनियम-ॲल्युमिनियम नायट्राइडच्या कुळातले कोटिंगही काळसर दिसते आणि डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा थरही काळाच दिसतो. पहिल्यात ॲल्युमिनियमच असल्याने जॉबच्या ॲल्युमिनियमला त्याचे आकर्षण असते. शिवाय ते उच्च तापमानाला उपयोगी पडावे म्हणून केलेले असते आणि ६०६१ चे काम तेवढे तापतच नाही. दुसरा थर अत्यंत गुळगुळीत आणि पातळ असतो. फिकट सोनेरी दिसणारे झिर्कोनियम नायट्राइड आणि करडे टायटॅनियम डायबोराइड हेही ॲल्युमिनियमसाठीच असतात. रंगावरून ओळखण्याच्या फंदात पडू नये, डब्यावरील सांकेतिक नाव वाचावे. आयएसओच्या वर्गीकरणात अलोह धातूंचा गट ‘एन’ या अक्षराचा आणि हिरव्या रंगाचा आहे. डब्यावर हिरवा चौकोन असेल तर निदान दिशा बरोबर आहे.

झिजेबद्दल म्हणाल, तर ६०६१ मध्ये सिलिकॉन ०.४ ते ०.८ टक्केच असते. चकचकीत केलेला, कोटिंग नसलेला कार्बाइड त्यात दीर्घकाळ टिकतो. मूळ प्रश्नकर्त्यांनी कोटिंगसाठी जादा पैसे देण्याआधी कूलंट आणि चिप्स बाहेर काढण्याची व्यवस्था पाहावी, असे मी सुचवेन.

ओतकाम_तळोजा

धारवाल्यांचे म्हणणे प्लेट आणि बारपुरते खरे आहे, पण कोणी ते सरसकट लावू नये म्हणून लिहितो. आमच्याकडे डाय-कास्टिंगचे जॉब असतात. एडीसी-१२ मध्ये सिलिकॉन ९.६ ते १२ टक्के आणि एलएम-६ मध्ये १० ते १३ टक्के असते. सिलिकॉनचे कण कार्बाइडइतके नसले तरी विलक्षण कठीण असतात आणि धार त्यांच्यावर घासून घासून गोल होते. येथे चकचकीत साधा कार्बाइड सुरुवातीला उत्तम चालतो आणि मग अचानक बर (कडेला राहणारी खरबरीत किनार) काढू लागतो. आम्ही डीएलसीचे कटर वापरतो, रेक थोडा कमी असलेले निवडतो, आणि मोठ्या संख्येच्या जॉबला पीसीडीची (कृत्रिम हिऱ्याची) टिप लावलेले कटर घेतो. सिलिकॉन १६ ते १८ टक्के असलेल्या ए-३९० सारख्या मिश्रधातूत तर पीसीडीशिवाय हिशेबच जुळत नाही.

याउलट १०५० किंवा ५०५२ ची मऊ शीट कापताना झिजेचा प्रश्नच नसतो, तेथे फक्त चिकटण्याचा असतो. ‘ॲल्युमिनियमसाठी कोणता कटर’ या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी कोणते ॲल्युमिनियम, हे विचारावे लागते ते याचमुळे.

फलकवाला_ठाणे

शीटचा विषय निघाला म्हणून. ठाण्यात आमचे नामफलकांचे काम आहे आणि आमच्या राउटरचा स्पिंडल २४००० आरपीएमचा आहे, पण त्याचा सांगाडा व्हीएमसीसारखा भक्कम नाही. त्यावर आम्ही ६ मिमीचा एकच फ्लूट असलेला कटर वापरतो. कटिंग स्पीड मिनिटाला सुमारे ४५२ मीटर मिळतो आणि ०.०६ फीडने १४४० मिमी प्रतिमिनिट पुरतो. तोच फीड तीन फ्लूटच्या कटरला द्यायचा तर ४३२० मिमी लागतील. तेवढ्या वेगात आमचे यंत्र कोपऱ्यात थरथरते, आणि फीड कमी केला तर दात घासू लागतात. म्हणजे महाप्याच्या ताईंच्या गणिताने त्यांच्याकडे तीन फ्लूट बरोबर ठरतात आणि नेमक्या त्याच गणिताने आमच्याकडे एक.

रबाळे_गाळा

सर्वांचे मनापासून आभार. फ्लूटचा प्रश्न माझ्यापुरता सुटला, तीन फ्लूटचाच घेईन. आता ४५ अंश की ३८ अंश, एवढे उरले आहे. विक्रेत्याचे म्हणणे असे की हेलिक्स जितका जास्त तितके फिनिश चांगले. टूल धरण्यासाठी आमच्याकडे ईआर-३२ कॉलेट आहेत.

प्रोग्रामर_महापे

विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. हेलिक्स वाढला की दात जॉबला एकदम न भिडता हळूहळू भिडतो, चिप वर उचलली जाते आणि भिंतीला आडवा धक्का कमी बसतो. परंतु आडवे कमी झालेले बल नाहीसे होत नाही, ते उभ्या दिशेला वळते. ढोबळ हिशेब करायचा तर स्पर्शरेषेतल्या बलाला हेलिक्सच्या टॅनने गुणावे : ३० अंशांना ०.५८, ३८ अंशांना ०.७८ आणि ४५ अंशांना थेट १. हे उभे बल जॉबला वर खेचते आणि कटरला स्पिंडलमधून खाली खेचते. ईआर कॉलेट जुने असेल, नटमध्ये चिपचा कण अडकला असेल किंवा शँकवर (कटरच्या धरायच्या दांड्यावर) तेल राहिले असेल, तर रफिंगमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या जाड कापणीत, कटर हळूच खाली सरकतो. पॉकेट ठरल्यापेक्षा खोल जाते आणि आपला ३ मिमीचा तळ २.८ चा होतो. मापे चुकल्यावर लोक झेड ऑफसेट (यंत्रातील उंचीची नोंद) तपासत बसतात. खरे तर कटरच्या शँकवर मार्करची रेघ मारून ठेवली की तो सरकला का हे लगेच कळते.

त्यामुळे माझा सल्ला असा की रफिंगला ३८ अंशांचा असमान दातांचा कटर घ्यावा आणि भिंतीच्या फिनिशिंगसाठी ४५ अंशांचा वेगळा ठेवावा, जो रफिंगला कधीही लावायचा नाही. असमान अंतराचा उपयोग असा की सम अंतरावरचे दात एकाच तालात ठोके देतात आणि तो ताल भिंतीच्या किंवा टूलच्या नैसर्गिक कंपनाशी जुळला की चॅटर वाढत जातो. अंतर असमान असेल तर ताल जमत नाही. शक्य असल्यास रफिंगचा कटर हायड्रॉलिक चकमध्ये किंवा चपटी बाजू असलेल्या शँकने साइड-लॉक होल्डरमध्ये धरावा.

भिंतीच्या फिनिशिंगसाठी आणखी एक गणित उपयोगी पडते. १० मिमीच्या, तीन समान दातांच्या, ४५ अंशांच्या कटरमध्ये एका उभ्या रेषेवर दोन धारांमधील अंतर सुमारे १०.५ मिमी येते. घेण्याची खोली त्याच्या पटीत असली, म्हणजे १०.५ किंवा २१, तर एक दात सुटतो त्याच क्षणी दुसरा लागतो आणि बल जवळजवळ स्थिर राहते. आपली खोली २८ असल्याने हे तंतोतंत जुळणार नाही. पण ३० अंशांच्या दोन फ्लूटमध्ये हेच अंतर २७ मिमीच्या पुढे जाते, म्हणजे तेथे बहुतेक वेळ एकच दात संपूर्ण भार घेतो. विक्रेत्याच्या ‘चांगल्या फिनिश’मागचे कारण हे आहे.

जुना_सेटर

ताईंनी टूलची बाजू मांडली, मी जॉबची मांडतो. २ मिमीची भिंत कोणत्या क्रमाने उघडी पडते, त्यावर अर्धे फिनिश अवलंबून असते. आतले पॉकेट रफिंग आणि फिनिशिंगसह पूर्ण करावे, तोवर बाहेरची बाजू भरीव ठेवावी. बाहेरची प्रोफाइल नंतर काढावी आणि तेव्हा बाजूची घेण ०.२ मिमीच्या आसपास ठेवून वरून खाली टप्प्याटप्प्याने उतरावे, म्हणजे कटरच्या खालची भिंत नेहमी जाड राहते. बाहेरच्या बाजूवर टप्प्यांच्या रेषा चालत असतील तर ग्राहकाला आधीच विचारून घ्यावे. ॲनोडायझिंग अशा रेषा झाकत नाही, उलट उठावदार करते.

कटर गरजेपेक्षा बाहेर काढू नये. वाकण्याचे प्रमाण बाहेर काढलेल्या लांबीच्या घनात वाढते. ३२ मिमीऐवजी ४५ मिमी बाहेर काढला तर तेवढ्याच बलाने तो पावणेतीन पट वाकतो. रफिंगसाठी कापणारी लांबी २२ मिमी आणि तिच्यावर मान किंचित बारीक केलेला कटर मिळतो. तो पूर्ण लांबीच्या फ्लूटच्या कटरपेक्षा ताठ असतो, कारण खोबणी जेवढी लांब तेवढा गाभा कमी.

तिसरी_पाळी

कूलंटबद्दल कोणी लिहिले नाही. खोल पॉकेटमध्ये आमच्याकडे चिप्स तळाशी साचून पुन्हा कटरखाली येतात आणि तळावर खरवडल्यासारख्या खुणा उठतात.

धारवाला_वागळे

पुन्हा कापल्या गेलेल्या चिप्सनी धारेचे जेवढे नुकसान होते तेवढे खुद्द जॉबने होत नाही. येथे कूलंटचे काम थंड करणे कमी आणि धुऊन नेणे जास्त आहे. दोन नोझल ठेवावेत, एक धारेवर आणि एक पॉकेटच्या दूरच्या कोपऱ्यावर. तेवढ्यानेही चिप्स हलत नसतील तर मध्येच एम-०० (यंत्र थांबवण्याची आज्ञा) न टाकता हवेचा झोत प्रोग्रामनेच सोडावा. मिश्रण रिफ्रॅक्टोमीटरने तपासून ६ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान ठेवावे. नुसत्या डोळ्यांनी दुधाळपणा पाहून पाणी ओतत राहिले की ते ३ टक्क्यांवर कधी येते कळतही नाही, आणि मग माल चिकटू लागतो. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत यंत्रातून काढलेले जॉब ओले ठेवू नयेत. त्यांच्यावर पडलेले डाग ॲनोडायझिंगनंतरही राहतात.

चिकटलेला माल काढण्यासाठी धारेवर पितळी ब्रशदेखील जपूनच चालवावा. कोटिंग नसलेल्या कार्बाइडवरचा ॲल्युमिनियम कॉस्टिक सोड्याच्या सौम्य द्रावणात विरघळून जातो आणि धारेला धक्का लागत नाही. मात्र त्यातून हायड्रोजन वायू निघतो आणि द्रावण त्वचेला व डोळ्यांना घातक आहे. म्हणून उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात तर मुळीच करू नये.

फलकवाला_ठाणे

एक उपप्रश्न. आवरणावर अक्षरे कोरायची असतील तर ३ मिमीचा कटर ८००० आरपीएमवर चालेल का?

प्रोग्रामर_महापे

चालेल, पण कटिंग स्पीड मिनिटाला जेमतेम ७५ मीटर येईल आणि तेवढ्या कमी वेगात माल चिकटण्याची शक्यता वाढते. या चर्चेत कोटिंगविरुद्ध लिहिले गेले असले तरी येथे मी डीएलसीचा, दोन फ्लूटचा, आखूड कटर घेईन आणि फीड दर दाताला ०.०२ च्या खाली जाऊ देणार नाही. चिकटणे वेगाने टाळता येत नसेल तेथे गुळगुळीत थराने टाळावे लागते.

रबाळे_गाळा

सल्ल्याप्रमाणे दोन्ही कटर आणले आणि नमुन्याचे जॉब काढून पाहिले. रफिंगला २ मिमी बाजूची घेण, २० मिमी खोली आणि २४०० फीड ठेवला. स्पिंडलचा लोड मला वाटला होता त्यापेक्षा बराच कमी आला आणि शँकवरची रेघ जागची हलली नाही. ४५ अंशांच्या कटरने भिंतीचे फिनिश ग्राहकाला पसंत पडले. तळाचा प्रश्न मात्र उरला आहे. तोच ४५ अंशांचा कटर तळावर ०.३ मिमी घेण्यासाठी फिरवला तर मध्यभागी तळ किंचित उचलला गेल्यासारखा वाटतो, म्हणजे कडेपेक्षा मध्ये जाडी कमी मिळते, आणि तेथे मंद घुमणारा आवाजही येतो.

जुना_सेटर

३ मिमीच्या तळाखाली आधार नसेल तर तो ढोलाच्या कातड्यासारखाच वागणार. ४५ अंशांचा हेलिक्स तळाला वर ओढतो, तळ वर येऊन जास्त कापला जातो आणि दात पुढे गेला की खाली बसतो; म्हणून मध्ये जाडी कमी भरते. आधी जॉबच्या खाली आधार द्यावा. समांतर पट्ट्यांवर दोन कडांना टेकवण्याऐवजी खालून पूर्ण टेकेल अशी सपाट फिक्स्चर प्लेट करावी.

तळासाठी कटर वेगळा ठेवावा. आपल्या विक्रेत्याने दाखवलेला पहिला पर्याय, दोन फ्लूट आणि ३० अंशांचा, येथे कामाला येईल. फक्त टोकाला तीक्ष्ण कोपरा न घेता ०.५ ते १ मिमीचा कॉर्नर रेडियस असलेला घ्यावा. ०.३ मिमीच्या घेणीत कापण्याचे सारे काम त्या रेडियसवरच होते आणि रेडियसचे बल तळाला वर ओढत नाही, खाली दाबते. ड्रॉइंगमध्ये तळाच्या कोपऱ्याला तेवढा रेडियस चालतो का, हे मात्र पाहून घ्यावे. टूलपाथ मध्यभागातून सुरू करून कडेकडे न्यावा, म्हणजे जेथे कापायचे बाकी आहे तेथे तळ अजून जाड असतो.

धारवाला_वागळे

काकांच्या सल्ल्यात एवढेच जोडतो की तळाच्या कटरमध्ये टोकाच्या धारा मध्याकडे किंचित खोल गेलेल्या असतात. त्या जास्त खोल असतील तर तळावर प्रत्येक फेरीची कड उमटते. घेताना टोकाला लहानसा सपाट भाग, ज्याला वायपर म्हणतात, दिला आहे का ते विचारावे. आणि रफिंगचा कटर आमच्याकडे धारेला येईल तेव्हा व्यास १० चा ९.८ च्या आसपास होऊन परत जाईल. प्रोग्राम जी-४१ वर (कटरच्या मापाची भरपाई यंत्रावर करणाऱ्या आज्ञेवर) असेल तर फक्त डी ऑफसेट, म्हणजे यंत्रात नोंदलेले कटरचे माप, बदलावा लागेल. कॅममध्ये व्यास थेट १० धरून मार्ग काढला असेल तर तो पुन्हा काढावा लागेल. यावर ताईंचे मत वेगळे असू शकते.

प्रोग्रामर_महापे

वेगळे नाही. फिनिशिंगचे मार्ग जी-४१ वर आणि रफिंगचे थेट व्यासावर, अशीच माझी पद्धत आहे, रफिंगमध्ये फिनिशिंगसाठी ०.३ मिमी स्टॉक (न कापलेला माल) ठेवलेला असल्यामुळे बाजूला ०.१ मिमीचा फरक फिनिशिंगच्या कटरला जाणवतही नाही. धार लावलेले कटर मात्र नव्यांच्या डब्यात ठेवू नयेत, शँकवर व्यास कोरून वेगळे ठेवावेत.

रबाळे_गाळा

आधाराची प्लेट करायला घेतली आहे. आर-०.५ ला ग्राहकाने मान्यता दिली. आर-१ ला नाही.